दफ्तरांतील उमेदवारी व पूर्णाकांठचे मोडी कागद

'उमेदवार' हा शब्द आज मराठींत दोन ठिकाणीं नित्य कानीं पडतो. निवडणुकीस उभा राहणारा तो एक उमेदवार, आणि कारखान्यांत काम शिकण्यासाठीं राहिलेला तरुण तो शिकाऊ उमेदवार. या दुसऱ्या अर्थास १९६१ च्या केंद्रीय कायद्यानें सरकारी शिक्का मिळाला. परंतु या दोन्ही अर्थांच्या मागें तिसरा व जुना अर्थ उभा आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. ती धरून जो बसला तो उमेदवार. दफ्तरांत पगारावांचून बसून लिहिणें शिकणारा, आणि जागा रिकामी होतांच आपली वर्णी लागेल या आशेवर राहणारा मुलगा, असा तो अर्थ होय. मराठी राज्याचा कागद ज्यांनीं लिहिला त्यांपैकीं बहुतेक या वाटेनें आलेले होते. राजे, सरदार व मुत्सद्दी यांच्या चरित्रांस आमच्या इतिहासांत जागा मिळाली. त्यांचीं पत्रें लिहिणारा हात कसा तयार झाला, हा प्रश्न मात्र मागें राहिला.

प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. या विचाराचें प्रयोजन केवळ कुतूहलाचें नाहीं. मोडी वाचणारे तरुण तयार करण्याची गरज आज मराठवाड्यांत प्रत्यक्ष उत्पन्न झालेली आहे. आणि ते कसे तयार करावे याचें बरेंचसें उत्तर, आमच्या मतें, या जुन्या पद्धतींत सांपडतें.

विवेचनासाठीं येलदरीचा परिसर आम्ही डोळ्यांपुढें ठेवला आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीच्या कांठीं येलदरी हें गांव आहे. १९६८ सालीं पुऱ्या झालेल्या धरणामुळें व तेथील २२.५ मेगावॅटच्या जलविद्युत् केंद्रामुळें तें आज सर्वांस ठाऊक आहे. संशोधकास हा मुलूख दुसऱ्या कारणासाठीं महत्त्वाचा वाटतो. याच तालुक्यांत चारठाणा येथें यादवकालीन देवळें आहेत. यादवांच्या पाठीमागून बहामनी, निजामशाही, मोगल व आसफजाही अशा राजवटी या मुलखावरून गेल्या, आणि मराठ्यांचे चौथ-सरदेशमुखीचे हक्क आसफजाही अंमलाच्या जोडीनें येथें चालले. वरचा हाकीम बदलला तरी गांवचा हिशेब मराठींतच राहिला. वर फारसी व पुढें उर्दू, खालीं मोडी, अशा दोन थरांचे कागद या प्रांतांत पिढ्यान् पिढ्या तयार होत गेले. लेखनाच्या शिक्षणाचा इतिहास पाहण्यास याहून सोयीचें ठिकाण शोधावें लागणार नाहीं.

परंपरा या शिक्षणाचा उगम हेमाद्रीपाशीं नेऊन ठेवते. यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या पदरीं हेमाद्रि हा श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याच्या लेखनविभागाचा तो मुख्य होता. मोडी लिपि त्यानें लंकेंतून आणली ही दंतकथा वाचकांच्या परिचयाची आहे. बा. आ. गुप्ते यांनीं १९०५ सालीं मोडीचा संबंध शिवकालीन बाळाजी आवजी चिटणीस यांच्याशीं जोडला; राजवाड्यांनीं फारसी शिकस्ता लेखनाकडे बोट दाखविलें. या वादाचा निकाल लावण्याचें येथें कारण नाहीं. आमच्या विषयास उपयोगी गोष्ट एवढीच कीं, हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेलें 'मेस्तक' हें मूळ लेखकाचें कोणाचेंही असो, तें वापरांत होतें दफ्तरांतील शिकाऊ मुलाच्या. कोणास कोणता मायना लिहावा, वडिलांस कसें, बरोबरीच्यास कसें, चाकरास कसें. कोणत्या अधिकाऱ्याचें काम काय. मोजमापें कोणतीं व हिशेब कसा मांडावा, अशा गोष्टींचा संग्रह मेस्तकांत असतो. त्याच्या निरनिराळ्या प्रतींत मजकूर कमीजास्त आढळतो याचें कारणही हेंच दिसतें. प्रत करणारा ग्रंथ उतरून घेत नव्हता, तर स्वतःच्या कामाचें पुस्तक तयार करीत होता. जें लागेल तें घाली, जें लागत नसे तें गाळी.

दफ्तरांत पाऊल टाकण्यापूर्वीं मुलगा पंतोजीच्या शाळेंत गेलेला असे. धूळपाटीवर अक्षरें, मग अंक, पाढे, आणि त्यांपुढें पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हीं कोष्टकें, एवढी शिदोरी घेऊन तो बाहेर पडे. तोंडी हिशेबाची ही तयारी पक्की असे, पण तिनें कारकून होत नसे. कारकुनी हा हात, डोळा व स्मरण या तिहींचा धंदा होता, आणि तो धंदा जेथें चालतो तेथें बसल्यावांचून येण्यासारखा नव्हता.

मोडीच्या लेखनाचें स्वरूप पाहिलें म्हणजे याचें कारण लक्षांत येतें. आधीं कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढावयाची, मग तिला अक्षरें लोंबत सोडावयाचीं. बोरू शक्य तितका उचलावयाचा नाहीं. शब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाहीं, विरामचिन्हें नाहींत. असें लेखन वाचणाराला पुढें काय येणार याची आगाऊ कल्पना असेल तरच वाचतां येतें. आणि ती कल्पना कागदाचा प्रकार ओळखल्यानें येते. रोजकीर्द म्हटली कीं जमा कोठें व खर्च कोठें हें ठरलेलें असे. ताळेबंदाची मांडणी वेगळी, बेहेड्याची वेगळी, झडतीची वेगळी. पत्राच्या अखेरीस 'मोर्तब सूद' किंवा 'लेखनसीमा', सनदेच्या पाठीवर 'बार', 'सुरू सूद', 'रुजू' असे शेरे ठराविक जागीं येत. म्हणून उमेदवारानें प्रथम नकला कराव्या, नकला करतां करतां नमुने अंगवळणीं पाडावे, मग रोजकीर्द लिहावी, तींतून खतावणी घालावी, आणि पुष्कळ दिवसांनीं पत्राचा मसुदा करण्यास बसावें, हा क्रम कामाच्या स्वरूपांतूनच निघतो. सोप्या कागदावरून कठीण कागदाकडे जाणें हाच येथें अभ्यासक्रम, आणि शेजारीं बसलेला वडील कारकून हाच गुरु.

पुण्याचें हुजूर दफ्तर हें या शिक्षणाचें सर्वांत मोठें घर होय. त्याचे मुख्य भाग दोन: चालतें दफ्तर व एकबेरीज. चालत्या दफ्तरांत फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा असत; एकबेरजेंत सर्व खात्यांचे हिशेब एकत्र येऊन त्यांची वर्गवारी होई. भरभराटीच्या काळांत येथें दोनशेंहून अधिक कारकून कामास होते. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस या आठ दरकदारांची रचना मुळांतच अशी होती कीं एकाचें काम दुसऱ्याच्या नजरेखालून जावें. फडणिसानें केलेला हिशेब मुजुमदारानें पाहिला पाहिजे, आणि दोघांची खूण कागदावर पडली पाहिजे. हा बंदोबस्त लबाडीस आळा घालण्यासाठीं होता हें खरें. पण नवशिक्याच्या दृष्टीनें तीच त्याची नित्य परीक्षा होती. त्याची चूक दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या मेजावर उघडी पडे.

या परंपरेचें सर्वांत प्रसिद्ध फळ नाना फडणीस. बाळाजी जनार्दन भानु याचा जन्म १७४२ चा. त्याचा आजा बाळाजी महादेव हा बाळाजी विश्वनाथाबरोबर दिल्लीस गेला व १७१९ सालीं तेथेंच कामास आला. १७५६ सालीं वडील जनार्दनपंत वारले तेव्हां नाना अवघा चौदा वर्षांचा होता, आणि फडणिशीचें काम त्याच वयांत त्याच्याकडे आलें. चौदा वर्षांच्या मुलाकडे राज्याच्या हिशेबाचा दरक जाऊं शकला याचा अर्थ तें काम सोपें होतें असा नव्हे. त्या घरांतील मूल लहानपणापासून त्या कामांतच वाढत होतें, असा आहे.

परंतु याच उदाहरणांत या पद्धतीचा दोषही दिसतो, आणि तो झांकून ठेवणें इतिहासलेखकास शोभणार नाहीं. दरक वंशपरंपरेचा झाला कीं उमेदवारी घरांतल्या घरांत फिरूं लागते. पगारावांचून वर्षानुवर्षें बसणें ज्यास परवडे, किंवा ज्याचा मामा, चुलता, सोयरा दफ्तरांत असे, त्यासच दार उघडें राही. लेखणीचा धंदा त्यामुळें मोजक्या जातींच्या हातीं राहिला, आणि स्त्रियांस तर तेथें स्थानच नव्हतें. अठरा कारखान्यांतील लोहार, सुतार, चांभार, शिकलगार यांच्या मुलांनींही आपापली कला बापाच्या हाताखालींच शिकून घेतली, पण त्या शिक्षणाचा कागद झाला नाहीं. म्हणून त्याचा मागमूस आम्हांस कारखानिसाच्या जमाखर्चांतून, मजुरीच्या आंकड्यावरूनच काढावा लागतो.

दोष होते, तसें फळही मोठें होतें. तंजावरास लिहिलेला कागद ग्वाल्हेरच्या कारकुनास वाचतां यावा, आणि दोहोंची मांडणी पुण्यास ओळखीची वाटावी, एवढा सारखेपणा या उमेदवारीनें निर्माण केला. छापील नमुना नव्हता, लेखनाची सरकारी शाळा नव्हती. हातानें हात तयार केला. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत दफ्तराकडे दुर्लक्ष झालें, देखरेख सुटली व कागद बाहेर गेले, तेव्हां ही सांखळीही सैल पडली. १८१८ नंतर कंपनी सरकारनें जुने कारकून व जुने कागद दोन्ही ताब्यांत घेतले. मामलेदाराच्या कचेरींत पगारावांचून बसणारा उमेदवार पुढेंही दिसतो. परंतु हळूहळू जागा मिळण्यास परीक्षेचा दाखला लागूं लागला, आणि मराठी शाळेची शेवटची परीक्षा ही कारकुनीची पहिली पायरी झाली.

येथें एक तुलना करण्याजोगी आहे. फ्रान्सांत राज्यक्रांतीनें मठ व जुनीं न्यायालयें मोडलीं. त्यांचे कागद सरकारांत जमा झाले, पण ते वाचणारी पिढी नाहींशी होत चालली. हें ओळखून १८२१ सालीं पॅरिस येथें 'एकोल दे शार्त' ही शाळा निघाली, आणि जुनीं अक्षरें वाचून दफ्तरें सांभाळणाऱ्या तरुणांचा धंदा तिनें उभा केला. त्याच १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा उघडली. शास्त्राध्ययनाची सोय झाली तें उत्तमच. परंतु नुकत्याच बुडालेल्या राज्याचीं दफ्तरें वाचणारे तयार करण्याची शाळा कोणासही सुचली नाहीं. तेव्हां वाचणारे घरोघर होते, म्हणून उणीव भासली नसावी.

पूर्णाकांठीं या गोष्टींस वेगळें वळण लागलें. पहिले सालारजंग यांनीं १८६५ च्या सुमारास जिल्हेबंदी केली, पगारी अंमलदार आणले व कचेऱ्या नव्यानें बसविल्या. तोंपर्यंत राज्याची भाषा फारसी; १८८० नंतरच्या दशकांत तिची जागा उर्दूनें घेतली. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें तें उर्दू माध्यमाचेंच. जिंतूर तालुक्यांतील तरुणास सरकारी नोकरी धरावयाची तर उर्दू शिकणें भाग. आणि गांवचें पटवारीपण चालवावयाचें तर मोडीवांचून गत्यंतर नाहीं. १९४८ सालीं निजामी राज्य संपलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. म्हणजे शंभर वर्षांच्या आंत फारसी, उर्दू व मराठी अशा तीन भाषांची नोकरी या मुलखानें पाहिली. एका पिढीनें जें लेखन पोटासाठीं कमावलें तें पुढच्या पिढीस निरुपयोगी ठरलें. अशा प्रांतांत कागदांची हेळसांड झाली असेल तर तो केवळ अनास्थेचा परिणाम मानूं नये.

मुंबई इलाख्यांत १९१७ सालीं कारभारासाठीं मोडीच्या जागीं बाळबोध आली. शाळेंत मोडी पुढें कांहीं दशकें राहिली व १९५० नंतर तीही गेली. मोडी लिपि गेली असें आम्ही म्हणतों. वस्तुतः गेली ती उमेदवारी. अक्षरें आजही पंधरा दिवसांच्या वर्गांत शिकवितां येतात, आणि पुराभिलेख खातें व भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्था असे वर्ग चालवीत आल्या आहेत. २०१४ सालीं मोडीस संगणकाच्या जागतिक लिपिसंचांतही स्थान मिळालें. परंतु अक्षर ओळखणें व कागद वाचणें यांमध्यें जें अंतर आहे तें भरून काढणारी व्यवस्था उरली नाहीं.

हें अंतर केवढें आहे तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. कागदाच्या आरंभीं 'सु॥ इहिदे सबैन मया व अलफ' असें असेल, तर इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर व अलफ हजार अशी बेरीज करून सुहूर सन ११७१ काढला पाहिजे. त्यांत ५९९ मिळवून इसवी सन १७७० आणला पाहिजे. आणि हें वर्ष मृगापासून चालूं होतें म्हणून जानेवारीच्या पुढचा कागद १७७१ चा, हेंही ध्यानांत धरलें पाहिजे. तोच वाचक जिंतुरास निजामी राज्याच्या अखेरच्या काळाचा कागद हातीं घेईल तर तेथें फसली सन व आजूर, दै, बहमन हे महिने आढळतील. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. येथें सुहूरचा हिशेब लावला तर सनांत नऊ वर्षांची चूक पडते. शिवाय 'ता॥' हें लघुरूप एका कागदांत तर्फ, दुसऱ्यांत तालुका. आणि आण्यांच्या उभ्याआडव्या रेघा तर अक्षरांच्या तक्त्यांत नसतातच. हें ज्ञान कोणत्याही एका पुस्तकांत पुरें मिळत नाहीं. तें पांचशें कागद एका जाणत्याच्या शेजारीं बसून वाचल्यानें मिळतें.

आणि आतां तें ज्ञान हवें आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं राज्यसरकारनें समिति नेमली आणि मराठवाड्यांतील जुन्या कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचें काम सुरू झालें, तेव्हां मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा जागोजाग शोध करावा लागला. त्या मागणीच्या गुणदोषांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कोणत्याही पक्षाचा मनुष्य एवढें मान्य करील कीं, जेथें एका शब्दाच्या वाचनावर एका कुटुंबाचा दाखला अवलंबून आहे, तेथें वाचणारा कच्चा असतां कामा नये. जमिनीच्या वांट्याचा, इनामाचा, वतनाचा वाद याच जातीचा. संशोधकानें चुकीचें वाचलें तर पुढचा संशोधक दुरुस्त करतो. कचेरींतल्या वाचकानें चुकीचें वाचलें तर पक्षकाराचें नुकसान होऊन जातें.

तरुणांची बाजूही पाहिली पाहिजे. २०२४ सालीं राज्यसरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय. टी. आय. किंवा पदविका असणाऱ्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन देऊन प्रथम सहा महिने प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणीं बसवावें, अशी तिची योजना. नांव नवें असलें तरी ही उमेदवारीच होय, आणि जुन्या उमेदवारीचा मोठा दोष तिनें टाळला आहे: बसणाऱ्यास कांहींतरी मिळतें, म्हणून गरिबाच्या मुलासही बसतां येतें. दुसरा दोष मात्र तसाच आहे. मुदत संपल्यावर जागा मिळेलच असें नाहीं. उमेद तेवढी जुनीच. पेशव्यांच्या दफ्तरांत उमेदवारास पगार नव्हता पण पुढची पायरी डोळ्यांसमोर होती. आज विद्यावेतन आहे पण पायरी धूसर आहे. दोहोंतील चांगलें एकत्र करणें एवढेंच काम उरतें.

तें काम लेखनवाचनाच्या धंद्यांत तरी अशक्य नाहीं. जिल्ह्याच्या अभिलेखागारांत व तालुक्याच्या कचेरींत कागद आहेत. पदवी घेतलेले, काम मागणारे तरुण व तरुणी आहेत. जाणते वाचक थोडे, पण आहेत. पंधरा दिवसांचा वर्ग हा आरंभ समजावा, आणि त्यापुढें निदान एक वर्ष उमेदवारास जाणत्या वाचकाच्या हाताखालीं वेतनावर बसवावें. प्रथम नकला, मग कागदांच्या याद्या, मग सारांश, व शेवटीं स्वतंत्र वाचन, हा क्रम ठेवावा. एकानें वाचलेला कागद दुसऱ्यानें पाहावा, जसा फडणिसाचा हिशेब मुजुमदार पाही. परभणीकडे मोडीच्या जोडीला उर्दू अवश्य शिकवावें. एका लिपीवर तेथें भागणार नाहीं. आणि परीक्षा अक्षरांच्या तक्त्यावर न घेतां, कधीं न पाहिलेल्या कागदावर घ्यावी.

संग्राहकांस आमची विनंति दोन गोष्टींची आहे. पहिली ही कीं, रुमाल सोडतांना अक्षराच्या सरावाचे कागद, अर्धवट मसुदे, पाठकोऱ्या कागदावर पुनः पुनः गिरविलेला मायना, मेस्तकाचीं सुटीं पानें हीं रद्दी समजून बाजूस टाकूं नयेत. सनदेचें महत्त्व सर्वांस कळतें, म्हणून ती वांचते. सनद लिहिणारा हात कसा तयार झाला याचा पुरावा मात्र याच टाकाऊ दिसणाऱ्या पानांत आहे. तीं ज्या रुमालांत निघालीं त्याच रुमालांत ठेवावीं व यादींत नोंदवावीं. दुसरी विनंति ही कीं, ज्यांच्या घरीं संग्रह आहे व ज्यांस तो वाचतां येतो, त्यांनीं निदान एक तरुण आपल्या शेजारीं बसवावा, आणि त्यास रिकाम्या हातानें बसवूं नये. संग्रह कुलपांत सुरक्षित राहील, पण वाचणारा गेला कीं कुलपांतला कागद मुका होतो.